आठ थेंब

दिवसभर मी लोकांचं रक्त तपासते,
अमळनेरला, बसस्टँडमागच्या लॅबमध्ये.
रात्री भांडी आवरली की
दोन फुटांच्या समुद्राचं.

पाच मिली पाणी कुपीत,
मग थेंब. एक, हलव. दोन, हलव.
आधी निळं असतं,
आठव्या थेंबाला एकदम पिवळं, पिकल्या लिंबासारखं.
वहीत लिहिते : आठ.
काल आठ. परवा आठ.
सुमंत म्हणतो, रोज तेच येतं तर मोजतेस कशाला?
रोज तेच यावं म्हणून.

पहिलं प्रवाळ सुरतहून आलं,
पॅसेंजरने, थर्माकोलच्या खोक्यात,
कुणाच्या तरी टाकीतून कापलेलं करंगळीएवढं टोक,
पिशवीतल्या पाण्यात मिटून बसलेलं.
वेणूमावशी बघायला आल्या, चष्मा काचेला टेकवून :
"हाई झाड शे का जनावर?"
जनावर, म्हटलं. आणि घरसुद्धा, स्वतःचं स्वतः बांधलेलं.
आत शेवाळ राहतं भाड्याने,
उजेडाची साखर करतं, तेच त्याचं भाडं.
"मंग बरं शे," मावशी म्हणाल्या,
त्यांचा वरचा मजला तेव्हा दोन वर्षं रिकामा होता.

पहिली तीन मीच मारली.
सात आला की लगेच पावडर,
नऊ आला की घाबरून अर्धं पाणी बदल,
रिपोर्ट नॉर्मल करायची सवय हाताला.
प्रवाळाला नॉर्मल कळत नाही.
त्याला कालचा दिवस कळतो.

बोअरच्या पाण्यात इथे चुना एवढा
की हंड्याला आतून कवच धरतं.
वाटलं, ह्यांना तरी उपयोगी पडेल.
पण चुन्याच्या मागोमाग शेतातलं खत येतं,
आठवड्यात काच तपकिरी, दगडांना केस.
आता फिल्टरचं कोरं पाणी घेते,
त्यात पुड्यातलं मीठ, पस्तीस भरेपर्यंत.
खरा समुद्र मी एकदाच पाहिलाय,
चपला हातात धरून, वीस मिनिटं.

मग मे. शेहेचाळीस.
सव्वाअकराला डीपी जळाला.
बॅटरीवर पंप तेवढा चालू, पंखा बंद.
अठ्ठावीस. साडेएकोणतीस.
सुमंत पुठ्ठ्याने टाकीला वारा घालत होता,
आजारी माणसाला घालतात तसा, न बोलता.
पाणी उडतं, मीठ मागे राहतं,
म्हणून वाटीवाटीने गोडं पाणी.
तीसच्या पुढे काटा गेला
तेव्हा मी जगन बडगुजरच्या कुल्फीच्या दुकानात,
ओढणीत चार बाटल्या गुंडाळून :
ह्यात बर्फ करून ठेवला असेल तो द्या, नसेल तर नुसता द्या, मी भरते.
"पाहुणे आले का ताई?"
हो, म्हटलं.

बाटली एका वेळी एकच.
घाईने गार केलं तरी मरतात ती.
रात्री नऊला वीज आली. एकतीसवर थांबलं होतं.

पाच दिवसांनी ते पांढरं पडायला लागलं.
आमच्याकडे बोंडातून पांढरं फुटलं
की गाव हसतं.
हे पांढरं वेगळं. भाडेकरू निघून गेलेले,
आणि भिंतींतून आतला सांगाडा दिसतोय.
मेलेलं नसतं अजून. उपाशी असतं.

काहीच करू नये, हे करायला सगळ्यात अवघड गेलं.
दिवा कमी केला. रात्री चिमूटभर खाणं,
त्याचे मिशीएवढे हात बाहेर आले की.
आणि थेंब. एक, हलव. दोन, हलव.
जून गेला.
मावशी दारातूनच विचारायच्या,
"भाडेकरू उनात का वं?"
नाही अजून.

काल कुपी धुताना बघितलं :
खाली, दगडाला चिकटवलंय तिथे,
बशीवर चहाचा डाग राहावा
एवढं तपकिरी.
दिवा आणला. तसंच होतं. पुन्हा दिवा आणला.

वहीत रंगाला रकाना नाही.
आठ लिहिलं,
आणि शेजारी, बारीक अक्षरात : चहा.