शेऱ्याचा रकाना

सन दोन हजार आठची, विमा कंपनीने दिलेली डायरी.
तारखा कधीच्याच बाद, पानं मात्र चालू.
डावीकडे किलोमीटर, मग काम, मग रुपये,
शेवटी एक अरुंद रकाना : शेरा.
ऐरोली, सेक्टर आठ. बिल्डिंगखाली
खाडीकडे नाक करून उभी असते ती,
आणि खारा वारा रोज थोडीथोडी नेतो तिला,
चाकावरच्या पत्र्यापासून सुरुवात करून.

क्लच प्लेट, चार हजार आठशे.
रेडिएटर, तीन हजार दोनशे.
शेरा : डाख लावून भागलं असतं का? विचारायचं राहिलं.
वायरिंग, एकवीसशे पन्नास. शेरा : उंदीर.
पुढच्याच महिन्यात पुन्हा वायरिंग.
शेरा : तोच असावा.

मार्चअखेर बेरीज मांडते,
ऑफिसात मांडते तशीच, हिरव्या शाईने.
पेट्रोल सोडून एकेचाळीस हजार तीनशे,
फिरली पाच हजार नऊशे किलोमीटर.
किलोमीटरमागे सात रुपये, पैशाचाही फरक नाही.
गेल्या साली चार रुपये दहा पैसे होते.
अवधूत म्हणतो, "आकडे तुझेच आहेत,
मी काहीच म्हणत नाही,"
आणि नव्या गाडीचं माहितीपत्रक
मीठदाणीखाली ठेवतो, पंख्याने उडू नये म्हणून.

रबाळ्याला मढवी बॉनेट उचलतात
आणि बराच वेळ नुसतं ऐकतात.
मग बोटं पुसत,
"गारी म्हातारी नाय झाली ताई,
रबर म्हातारा झायलाय."
तेही मी शेऱ्यात लिहिलं, तारीख घालून.

आम्ही दोघांनी ठरवलेलं :
शेकडा शहाण्णवच्या खाली गेली की विकायची.
वर्षात तीनशे दिवस बाहेर काढली, बारा दिवस अडली.
शहाण्णव. काठावर.

हा हिशोब मला मुळातच खटकतो.
दोनशे अठ्ठ्याऐंशी सकाळी
किल्ली फिरवली आणि ती सुरू झाली,
याची एक ओळ नाही डायरीत.
मोडलेल्याला ओळ मिळते,
निमूट चाललेलं वजाबाकीतून काढावं लागतं.
(लेखा विभागात माझी बावीस वर्षं तशीच गेली.
हे इथे नको होतं. राहू दे.)

एकोणीस फेब्रुवारी, संध्याकाळी,
ऐरोली पुलाच्या ऐन मध्यावर ती बंद पडली.
खोकली नाही, लाल दिवा दाखवला नाही.
मागचे हॉर्न आधी चिडले, मग वळसा घालून जाऊ लागले.
मी चप्पल काढली
आणि बसून राहिले पस्तीस मिनिटं.
सोळा वर्षं या पुलावरून जाते आहे,
खाली भरती असते की ओहोटी
कधी पाहिलंच नव्हतं.
ओहोटी होती. एक माणूस कंबरभर चिखलात
काहीतरी चाचपत होता, त्याला घाई नव्हती.
मग सहज किल्ली फिरवली. सुरू.

घरी आले, किलोमीटर लिहिले :
एक लाख अडतीस हजार चारशे बारा.
पुढे लिहायचं होतं ते तेरावं.
तेरावं म्हणजे गोडाचं जेवण,
ताटं उचलली की सगळं आटपलेलं.
पेन टेकेना.
दहा रुपयांच्या चहाच्या पावतीसाठी
शिपायाला दोनदा वर बोलावणारी मी,
मी ती ओळ कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी मढवींनी कॉइल बदलली.
बिलबुक मांडीवर घेऊन थांबले.
"पुलावर बंद परली, असां लिवू?"
म्हटलं, "किरकोळ लिहा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
कार्बन सरळ केला,
लिहिलं : किरकोळ, सोळाशे रुपये,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.