माऊसपासून हातभर

लोकेन्द्रच्या खुर्चीमागे उभी राहते तेव्हा
मी हात पाठीशी बांधते.
शिस्त नाही ती, बंदोबस्त आहे.

त्याच्या पडद्यावर सोन्याच्या दुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात :
मंगळसूत्र तिरकं, किमतीचा आकडा डोक्यात पडेल एवढा,
आणि ‘शुभ’मधला उकार खालच्या ओळीत घुसलेला.
मला दिसतं. लगेच दिसतं.
सव्वीस वर्षं दिसत आलंय, तोच तर दोष.
उजव्या हाताचं बोट आपोआप वाकतं.

मी विचारते, “पहले आँख कहाँ जाती है?”
तो म्हणतो, “आपकी तरफ़, मैडम.”
रुखसार हसते. मीही.
मग तो पुन्हा पडद्याकडे बघत राहतो, बराच वेळ,
आणि उकार स्वतःच केसभर वर उचलतो.

केसभर हे माप गुळवणींचं.
ब्रोमाइडच्या काळातला माणूस. रबर सोल्यूशनचा वास, दाढीचं पातं,
आणि चूक दिसली की कागद चुरगाळून थेट टोपलीत.
बोलायचे नाहीत.
मी तो गुपचूप घरी न्यायची,
पोळपाटावर सरळ करून शोधायची कुठं चुकलं ते.
शिकले, हो. चांगलंच शिकले.
पण सहा वर्षं टोपली वाजली की पोटात गोळा यायचा.
म्हणून माझ्या विभागात टोपली दाराबाहेर.

तरी डिसेंबरातल्या एका रात्री, अकरा चाळीस,
खाली मशीन खोळंबलेलं, दारात मार्केटिंगचे अग्निहोत्री :
“लोगो थोड़ा और बड़ा, बस थोड़ा”
आणि मी लोकेन्द्रच्या हातातून माऊस घेतला.
सात मिनिटं. पान गेलं.
दुकानदार खूश, अग्निहोत्रींनी सराफ्यातून गराडू मागवले.
लोकेन्द्र म्हणाला, “बहुत अच्छा किया आपने,”
आणि रिकामा हात मांडीवर ठेवून बसला,
दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा.

घरी जाताना पलासियाच्या सिग्नलवर
टोपली वाजली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली नाही.
मला ती नीट मागता येत नाही.
माझी खुर्ची हातभर मागे सरकवली, एवढंच,
आणि त्याला सांगितलं, रंगपंचमीचं जॅकेट तुझं.

गेरचं पान म्हणजे काय ते इंदुरात कुणाला सांगावं लागत नाही.
राजवाडा, टँकर, गच्चीएवढे फवारे,
असतील नसतील ते रंग ओतायचे आणि मोकळं व्हायचं.
त्यानं पान पांढरं ठेवलं.
खाली उजव्या कोपऱ्यात एक अंगठा, गुलाबी,
पान उलटताना बोट लागतं, बरोबर तिथं.

अग्निहोत्री माझ्याकडे वळले, “बाकी का पन्ना?”
माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं होतं.
मी म्हटलं, “लोकेन्द्र से पूछिए.”
तो अडखळला, घसा खाकरला,
फॉन्टबद्दल काहीतरी पुटपुटला, ते कुणाला कळलं नाही.
मग म्हणाला,
“उस दिन हाथ किसके साफ़ रहते हैं, सर?”
हे मला सुचलं नसतं.

परवा छप्पनला पोहे घेतले,
प्लेटखाली कागद आला तो तेच पान.
शेव बाजूला सारून पाहिलं :
आम्ही भांडून राखलेल्या कोऱ्या जागेत तेल पसरलेलं,
त्यातून मागच्या पानावरचे शिकवणी वर्ग उलटे उमटलेले,
आणि अंगठा जागच्या जागी.
कडेपासूनचं अंतर मात्र जरा कमी वाटलं.
केसभर.

उद्या सांगीन त्याला.
किंवा नाही सांगणार.
बघू. आधी हात धुते.