तार जिवंत समजावी

धरणगाव स्टेशनच्या पाटीखाली
लाल अक्षरांत नोटीस लागली:
सोमवारपासून ही तार
चोवीस तास जिवंत समजावी.
गावात दवंडीही फिरली.
पतंग नको, ओला बांबू नको,
डब्याच्या टपावर तर पाऊलसुद्धा नको.
दोन पोरं तासभर मान वर करून उभी होती.
जिवंत आहे तर हलत का नाही, म्हणाली.

मी त्या तारेच्या टोळीतला.
अमळनेरहून खांब मोजत मोजत आलो.
काळ्या मातीत सकाळी खड्डा खणावा,
संध्याकाळपर्यंत ती
त्याचं तोंड मिटत आणते.
गेटवर उंचीचा दांडा बसवला, तर
पहिल्याच आठवड्यात चोपड्याकडचा कापसाचा ट्रक
त्यात अडकला आणि उसवला.
दुपारभर रुळांवर कापूस उडत होता,
आणि गेटमन मनातल्या मनात
उशा मोजत होता.

सुपडूची तक्रार वेगळीच.
डिझेल चावलखेड्याच्या बाजूने जवळ येऊ लागलं
की त्याच्या ठेल्यावरचे ग्लास थरथरायचे.
पहिल्या थरथरीला तो आलं ठेचायचा,
वाढली की दूध ओतायचा,
भोंग्याला गाळणी हातात.
चाळीस वर्षं घड्याळ लागलं नाही त्याला.
आता इंटरसिटी येते
घरात मांजर यावी तशी.
माणसं उतरून रिक्षात बसलेली
आणि याचं पाणी अजून कोमट.
"गाडी वनी अन् माले ठाऊकच नही," म्हणतो,
"हाई काय येणं शे?"

हिलाल बडगुजर, आम्ही आप्पा म्हणतो,
एकतीस वर्षं डिझेलवर.
नव्या इंजिनाच्या ट्रेनिंगला गेला तेव्हा
खुर्चीत बसून पहिला प्रश्न विचारला:
"चालू शे का बंद शे?"
सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा.
त्याला तसंही आता कमी ऐकू येतं.
घरी बायको म्हणते, हळू बोला,
मी काय मालगाडीच्या मागच्या डब्यात आहे?
पुढे तो भुसावळला शंटिंगवर राहिला.
निवृत्तीला सात महिने.

आखाजीच्या आदल्या दिवशी वावटळ उठली.
कुणाच्या शेडचा पत्रा उडाला,
तारेवर येऊन आदळला, आणि तार
शेताच्या बांधावर लोंबू लागली.
इंटरसिटी पाळधीच्या अलीकडे उभी.
पंखे बंद. माहेराला निघालेल्या पोरी
खिडकीतून हात काढून
वाऱ्याला बोलावत होत्या.
एकीच्या मांडीवरच्या डब्यात
सांजोऱ्या मऊ पडत होत्या.

आम्ही तार जोडायला निघालो.
ही आमची तार जोडायची गाडी
स्वतः डिझेलवर चालते,
हे आम्ही फारसं कुणाला सांगत नाही.
शिडीवर चढलो तेव्हा
खालून तो जुना धूर नाकात गेला.
दुसऱ्या बाजूने आप्पा आला,
शंटिंगचं काळं इंजिन घेऊन,
आणि अख्खी गाडी ओढत
धरणगावला घेऊन गेला.

सुपडू सांगतो, तेव्हा दूध उतू गेलं त्याचं.
ग्लास थरथरले, आणि तो
नुसता बघत राहिला.

सहा चाळीसला मी वहीत लिहिलं:
तार जोडली. जिवंत.
इंटरसिटी आपल्या पायांनी निघून गेली,
पोरींपैकी कुणी मागे पाहिलं नाही,
आणि का पाहावं, उशीर झाला होता.
आप्पाचं इंजिन बाजूच्या लाइनीत.
त्याने ते बंद केलं.
मग उतरून ठेल्यापाशी आला.

"आप्पा, ग्लास हालनात ना भो," सुपडू म्हणाला.
"काय?"
सुपडूने पुन्हा नाही सांगितलं.
चहा पुढे केला.

इंजिन बंद, रूळ गार होत चाललेले,
पाखरंसुद्धा बोलत नव्हती.
आप्पाच्या हातात ग्लास मात्र थरथरत होता,
काठावर चहाची बारीक लाट.
सुपडूने ते पाहिलं
आणि सवयीने
आलं ठेचायला घेतलं.