मागची सीट

ताराबाई पार्कातलं एक जोडपं लेकीकडं कॅनडाला निघालं
तेव्हा त्यांची ही लांबडी सायकल आम्ही घेतली.
किती दिले, ते पोराला अजून सांगितलेलं नाही.
उतरवताना टेम्पोवाला म्हणाला,
"काका, हिला अर्धं तिकीट का दीड?"

राजारामपुरीतला आमचा बोळ वळतो, ही वळत नाही.
पुढच्या दारानं आत आणायची तर सोफा विकावा लागणार होता.
विकला.
फाउंड्रीतल्या सत्काराचा माझा फोटो उतरवून
त्याच खिळ्याशेजारी दोन हुक मारले.
आता पाहुणे खुर्चीवर चहा पितात
आणि डोक्यावर चार पायडलं.

पुढं शालन.
कारण साधं आहे. मला घाटात भोवळ येते,
आणि ती एके काळची खो-खोची,
रस्ता कुठं हुलकावणी देणार हे तिला आधी कळतं.
मागच्याला ब्रेक नाही, गिअर नाही.
हँडल आहे, पण ते नुसतं धरायला.
एकतीस वर्षं मोल्डिंग शॉपला आवाज दिलेला माणूस मी,
आता ऐकतो : "खड्डा."
"सोडा."
"मारा."

शिवाजी पुलावर सकाळी सहाला
म्हशी घेऊन निघालेला एकजण ओरडला,
"आरं बघ बघ, म्हातारीनं म्हाताऱ्याला पळवून न्हेलंय!
मागचा मारतोय काय पायडल, का नुस्ताच बसलाय?"
"उतारावर मारतोय," शालन म्हणाली, न थांबता.
तो हसत होता, म्हशीही थांबल्या होत्या,
आणि मी खरंच मारत होतो.

वडणगे फाटा. ऊसाच्या ट्रॉल्या.
केर्लीपर्यंत माझ्यासमोर फक्त तिची पाठ,
निळ्या टी-शर्टवर घामाचा एक डाग
जो आधी बशीएवढा असतो, मग ताटाएवढा.
मानेवर, केस वर बांधले की दिसतो,
एक तीळ.
संसार झाला, नातू झाला,
हा तीळ मला ठाऊक नव्हता.
आता तिची पाठ मला पाठ आहे.

तेव्हा सुचलं विचारायचं.
सव्वीस वर्षं तू माझ्या स्कूटरवर मागं बसलीस,
मांडीवर पोर, पायाशी गॅसची टाकी,
एकदा तर कणेरीपर्यंत शिलाई मशीन.
काय बघायचीस?
ती चढ संपेपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली, "तुमची कॉलर.
नीट निघालीय का ते."

गारगोटीच्या प्लॉटवरून भांडलो त्या रविवारी
दोघंही गप्प बसून निघालो.
पण या सायकलला गप्प बसणं जमत नाही.
पुढची चेन मागच्या चेनला सगळं सांगते :
तिचा पाय रागानं दाबला की माझाही दाबला जातो,
मी ढिला सोडला की तिला ओझं होतं.
वाघबीळच्या चढावर तर
कुणी कुणाला ओढतंय ते ठरवता येईना.
आम्ही उतरलो, दगडावर बसलो,
तिनं पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला,
मोडला,
मोठा तुकडा कुणाचा यावर पुन्हा थोडं भांडलो.
प्लॉट अजून तसाच आहे.

मागच्या चाकाच्या तारा तुटतात सारख्या.
शाहूपुरीतला इस्माईल म्हणतो,
"चाचा, दोघांचं वजन आहे, एकाचं चाक आहे."
तो तार बदलतो, चाक फिरवून कान लावतो,
पैसे दीडपट घेतो. बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नव्हती.
पन्हाळ्याहून उतरताना
मी डोळे मिटून घेतो.
वारा कानात, कड्याखालचा गार वास,
पुढं कोण आहे ते ठाऊक असल्यावर
भोवळ येत नाही.

परवा तिसऱ्या वळणावर, मागं न बघता, ती म्हणाली,
"उघडा आता. बस येतीय."