मागचं रीडिंग

बेलापूरला, चौथ्या मजल्यावर, दर अठरा महिन्यांनी
माझं रीडिंग घेतात.
घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.
शंभरातून सात वजा करा, त्यातून परत सात.
कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चाला, वळा, या.
स्टॉपवॉच डॉक्टर पोतनीसबाईंच्या हातात.

मी सव्वीस वर्षं घणसोली ते दिघा
पाण्याचे मीटर वाचले.
झाकण उचलायचं, झुरळं झटकायची,
काच अंगठ्याने पुसायची.
मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, फरक.
फरकावर बिल.
गळती बुजवायचं काम माझ्याकडे नव्हतं.
बाईंकडेही नाही. त्या तसं स्पष्ट सांगतात,
म्हणून मी येत राहतो.

स्क्रीनवर माझं डोकं, आडवं कापलेलं.
केसाहून बारीक नळ्या, बाई म्हणतात,
भिंती जाड होत जातात, पुढे पोचत नाही.
जिथे पोचत नाही तिथे पांढरं.
मला ते मिठागर दिसतं, मार्चमधलं,
पाणी आटत आलेलं, आणि
फळीनं मीठ ओढणारी आई.

एकोणपन्नासाव्या वर्षी ती
भाकरी तव्यावर टाकून बांधावर जाऊन बसू लागली.
मग एक पाय ओढू लागली.
मग माझ्या नावाने माझ्या मामाला हाक.
ऊन डोक्यात गेलं, म्हणाले.
भगताने कोंबडं घेतलं. फरक नाही.
तिचं मागचं रीडिंग कुणाकडेच नाही.

आता प.
प वरून शब्द सांगा, एक मिनिट,
माणसांची, गावांची नावं चालणार नाहीत.
पाणी. पाइप. पाना. पावती.
पगार.
पायरी. पापड.
पाणी – हे परत धरत नाहीत.
मग नुसतं स्टॉपवॉच.
तोंडात एकच येत होतं, ते मी गिळलं,
कारण नाव चालत नाही.

जिना उतरताना लक्षात आलं
की प्रचिती हा शब्दही आहे.
सांगितला असता तर धरला असता, एक वाढला असता.
दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबलो.
निम्मं-निम्मं, बाई म्हणाल्या होत्या, नाण्यासारखं.
तिने अजून रक्त दिलेलं नाही.
राहू दे. न मोजलेली राहू दे.

खाली ती स्कूटरवर बसलेली.
"किती आले?"
"सात."
मागच्या वेळचे तेरा तिला पाठ आहेत.
काही बोलत नाही,
माझ्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा लावते.
तो मला अजून लावता येतो.