तार दिसते

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर.
शाई फिकी, आकडा तिरका,
की लाल पेन्सिल.
बाकी बोलायचं काही नसे.
"पोळीसुद्धा उजेडाला धरून खातेस गं,"
यमुना बोराडे म्हणायची, डबा उघडताना.
धरत असेन.

निवृत्त झाले आणि डोळे रिकामे पडले.
मग दर रविवारी सिटी बस, शालिमारला उतरायचं,
वाचनालयाचा वरचा मजला, निरभवण्यांचा प्रोजेक्टर,
तीस खुर्च्या, अकरा माणसं
आणि कोणे एके काळचा चित्रपट.
घरी येऊन जुन्या रजिस्टरच्या उरलेल्या पानांवर
रकाने पाडले:
अभिनय. छायाचित्रण. करामती. शेरा.

अभिनय: नायकाचे डोळे रडायच्या आधी खांदे रडतात.
नाटकातून आलेला असावा,
शेवटच्या बाकासाठी रडायची सवय,
आणि कॅमेरा तर हातभरावर.
मोलकरीण झालेली बाई मात्र
(नाव पाटीवर नाही)
कंदिलाची काच पुसते, वात वर करते,
आणि मालकिणीकडे बघत नाही.
हे "बघत नाही" मी चुकून दोनदा लिहिलं.

छायाचित्रण: विहिरीत पोहऱ्याबरोबर कॅमेरा उतरतो.
पाण्यात आधी आभाळ येतं, मग तिचा चेहरा,
मग सगळंच धूसर,
आणि परत चेहरा.
श्वास कोंडून कुणीतरी भिंग फिरवलं असणार.
तेवढा वेळ मीही कोंडला होता, लिहिताना कळलं.

करामती: देवर्षी आकाशातून उतरतात.
तार दिसते.
उजव्या खांद्यापासून सरळ वर, स्वच्छ.
ढग कापसाचे, एका ढगात सरकी.
शेरा: सदोष.

निरभवण्यांनी पान वाचलं,
रीळ उलटं गुंडाळत राहिले.
"पुढच्या रविवारी जरा लवकर या."

गेले.
त्यांनी फिल्मची वीतभर पट्टी
खिडकीच्या उजेडात धरली माझ्यासमोर.
"पडद्यावर कड कापली जाते. इथं बघा, वरच्या कोपऱ्यात."
मी चष्मा काढला, भिंग लावलं,
हात आपोआप नोट धरतात तसे झाले.

कोपऱ्यात एक तुळई.
तुळईवर पालथा पडलेला पोरगा, सोळा-सतराचा,
तळव्यांना फडकी गुंडाळलेली,
दात ओठांवर.
खाली देवर्षी हसतायत, वीणा छेडतायत,
सगळं वजन याच्या मनगटांत.

"कोण हा?"
"माहीत नाही. चाळीस वर्षं बघतोय मी त्याला."

आमच्या खात्यात नोट उजेडाला धरतात
ती आतला धागा दिसावा म्हणून.
नाही दिसला, तर नोट खोटी.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने माझी पन्नासाची
दिव्याकडे उचलून पाहिली.
एरवी मला राग आला असता.
मी त्याचा हात बघत होते,
अंगठ्याला चिकटपट्टी, तिकिटांच्या शाईने काळी.

रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही.
एक रेघ मारायची, बाजूला सही, तारीख.
"तार दिसते" तसंच ठेवलं, ते खरंच आहे.
"सदोष"वर रेघ मारली.
नवा शेरा सुचेना,
शेवटी हाताला येत होतं तेच लिहिलं:
चलनात राहू द्यावी.

येत्या रविवारी पुराचं दृश्य आहे म्हणे,
परातीत केलेलं, काड्यापेट्यांची घरं.
दुतोंड्या मारुती बुडताना पाहिलेली माणसं आम्ही,
अकराही जण हसणार बहुतेक.
चष्म्याची काडी ढिली झालीय,
शनिवारच्या आत आवळून घ्यायला हवी.
परात कुणी हलवली ते
पाण्यात कुठेतरी दिसेलच.