हिरवी टोपणं

करंजीच्या फाट्यावर नवा पंप झाला.
तिथल्या पोराच्या शर्टाला इस्त्री होती,
एवढ्यावरूनच मी फसलो.
"काका, साधी हवा टाकता? अजून?"

चाकाला वीस, स्टेपनी धरून शंभर.
हा थंड असतो म्हणे, गळत नाही,
उन्हाळ्यात टायर फुटत नाही,
वर हिरवी टोपणं फुकट.
ती बसवल्यावर माझी काळी-पिवळी,
एकोणीस वर्षांची,
पायाची नखं रंगवल्यासारखी दिसली.
आठवडाभर मी हळू चालवली.
शिटा विचारायच्या, आज काय भरलं, अंडी?

मग मारेगावच्या अलीकडे
मागचं डावं बसलं.
दोन्ही अंगाला तूर, पिवळ्या फुलावर आलेली.
आत अकरा माणसं, एक बोकड,
आणि हाकेच्या अंतरावर अजाबराव आत्रामचं दुकान,
म्हणजे एक बाभूळ, एक कॉम्प्रेसर, एक घमेलं.

त्यानं ट्यूब पाण्यात दाबली.
आम्ही सगळे वाकलो, तेरव्याला पिंड पाहावा तसे.
बुडबुडा आला, फुटला, गेला.
"पाह्य, थो चालला तुहा नायट्रोजन."
शंभरातले वीस.
खिळा बैलाच्या नालाचा निघाला.

"अजाबभाऊ, आता यात साधी हवा भरशील?"
"मंग काय भरू? अत्तर?"
"बाकीच्या तिघांत ते आहे ना. चालते का, असं?"
त्यानं पाइप हातातच धरला
आणि माझ्याकडे पाहत राहिला.
"काऊन? बाटते का गाडी?"

मी गप्प.
त्याच्या दारात माठ आहे,
आणि माझ्या जीपमधली काही माणसं
तहान लागली की रस्ता ओलांडून
पलीकडच्या हापशीवर जातात.
हे मलाही ठाऊक आहे, त्यालाही.

नात त्याची, पौर्णिमा, खाटेवर अभ्यास करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के थोच राह्यते, काका.
बाकीच्या बाविसाचे शंभर दिले तुम्ही."
कृषी खात्याच्या कोडापे मॅडम
मघापासून तुरीकडेच पाहत होत्या.
"हिच्या मुळाला गाठी असतात," म्हणाल्या,
"ही फुकटच ओढते हवेतून. जमिनीलाही ठेवते."
"आणि टोपण?" बोकडवाल्यानं विचारलं.

अजाबराव हसला नाही.
"फरक पडते. नाही असं नाही.
विमानाले पडते. तुह्या गाडीले
हप्त्यातून एकदा वारा मोजला का झालं."
मग टाकीखालचा नळ त्यानं पिळला,
फुस्स करून तांबूस पाणी मातीत गेलं.
"हे मात्र रोज काढा लागते.
नाही तं रिम खाते आतून."

कॉम्प्रेसर धडधडला. मागं चाळीस.
हिरवं टोपण कुठं सापडेना,
शेवटी सगळ्यांनी बोकडाकडे पाहिलं.
तो चघळत होता, हिरवं होतं म्हणून असेल.
अजाबरावनं डब्यातून एक काळं काढलं,
कधीकाळच्या लुनाचं, आणि फिरवून बसवलं.

पंक्चरचे घेतले. हवेचे नाही.
निघताना मी माठातलं एक गिलास प्यालो.
तेवढी तहान नव्हती.
हे सांगायलाही नको होतं खरं तर.

परतीला तोच पोरगा आडवा आला.
"काका, चेक करू? आपल्या कस्टमरला फ्री आहे.
अन् हे एक काळं कसं?"
म्हटलं, "त्यात मारेगावची हवा आहे. मिसळेल का?"
तो फोन काढून कोणाला तरी विचारू लागला,
हातानं मला थांबा म्हणत.

मी थांबलो नाही.
आज सकाळी मीटर लावून मोजलं.
मागच्या दोन्हीत अडतीस.